आमची वाटचाल : घर तपासणीचं काम, एजंट आणि आम्ही

बेळगावात घर तपासून देणं हा धंदा होऊ शकतो हे आम्ही सुरू केलं तेव्हा आमच्या घरच्यांनाच पटत नव्हतं, बाहेरच्यांचं सोडा. मी सिव्हिल डिप्लोमावाला, बरीच वर्षं टिळकवाडी-अनगोळ भागात कॉन्ट्रॅक्टरकडं साइट सुपरवायझर होतो, आणि पार्टनर म्हणजे माझा साडू, वायरिंगमधला माणूस. साधं गणित होतं, लोक जन्माची कमाई घालून घर घेतात आणि बघायला कोण जातं तर मामा, मेहुणा आणि ओळखीचा गवंडी. मामा दिशा बघतात, मेहुणा पार्किंग बघतो, गवंडी भिंतीवर दोन टिचक्या मारून "बरं हाय की" म्हणतो, झालं. बँकेचा व्हॅल्युअर येऊन जातो पण तो बँकेचा, त्याला कर्ज निघेल एवढी किंमत आहे का ते बघायचंय, बाथरूमचं पाणी खालच्या घरात उतरतंय का ते त्याच्या कागदावर नसतंच.

तर काम होतं, पण गिऱ्हाईक कुठून आणायचं? सगळ्यांनी एकच सांगितलं, एजंट धरा. आमच्याकडं एजंट म्हणजे पानपट्टीवाल्यापासून रिटायर्ड मास्तरांपर्यंत कोणीपण असू शकतो, रेरात (घर-फ्लॅट खरेदीविक्रीवरच्या केंद्राच्या कायद्याखाली) नोंदणी केलेले त्यात कमीच. आम्ही कार्डं छापली, हिंदवाडी, कॅम्प, सदाशिवनगर, हिंडलग्यापर्यंत फिरलो, चहा प्यालो. पहिला प्रश्न ठरलेला, "त्यात आमचं किती?" आम्ही काही नाही म्हणलं की अर्ध्यांचा चहा तिथंच थंड. उरलेल्यांनी मात्र कामं दिली, खोटं कशाला बोला, सुरवातीचं भाडं त्याच कामांवर निघालं.

मग एक वरच्या मजल्याचा सेकंडहँड फ्लॅट आला. ताजा रंग, हॉलला पीओपी, मार्च महिना, सगळं कसं चकाचक. ओल मोजायचा मॉइश्चर मीटर बीमच्या कडेला लावला तर आकडा वरच, थर्मल कॅमेऱ्यात पीओपीच्या वर ओलीचा थंड पट्टा सरळ दिसत होता, टेरेसवर गेलो तर उतार उलटा, पाणी पाइपाकडं न जाता पॅरापेटच्या (कठड्याच्या) कोपऱ्यात साचणार. तसंच लिहिलं, फोटो जोडले. रात्री एजंटचा फोन, "सायेब, जरा हलक्या हातानं लिवा की, पार्टी बिचकालीय." मी म्हणलं पाणी हलक्या हातानं येत नाही हो. शेवटी काय झालं, वॉटरप्रूफिंगचा खर्च किमतीतून कमी करून व्यवहार झालापण, कोणाचं काही बुडालं नाही, पण त्या एजंटचा फोन परत कधी आला नाही.

मला त्या माणसाचा राग नाही. हिशोब बघा, साठ लाखाचा फ्लॅट, एक टक्का धरला तरी साठ हजार, आणि व्यवहार मोडला तर शून्य. आमची फी त्यापुढं काहीच नाही. ज्याचं पोट व्यवहार होण्यावर आहे तो व्यवहार मोडू शकणाऱ्या माणसाला किती दिवस बोलावेल? आणि त्याच्याच कामावर आमचं ऑफिस चालायला लागलं तर आमचाच हात आपोआप हलका होणार, कोणी सांगायलासुद्धा लागणार नाही. माझी भीती ती होती, एजंटची नव्हती.

माझा भाचा अमेरिकेत बोस्टनकडं आहे, त्यानं तिथं घर घेतलं तेव्हा मी त्याला खोदून खोदून विचारलं. तिथं हा धंदा जुना, घर तपासणाऱ्यांची एएसएचआय ही संघटना १९७६ पासून आहे, आणि तिथंपण इन्स्पेक्टरची बरीच कामं रिअल्टरकडूनच, म्हणजे तिथल्या एजंटकडूनच येतात, म्हणजे दुखणं तेच. पण त्या संघटनेच्या नियमात सरळ लिहिलंय की काम मिळावं किंवा यादीत नाव यावं म्हणून रिअल्टरला पैसे द्यायचे नाहीत. आणि भाच्याच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात तर विकणाऱ्याच्या ब्रोकरनं ठरावीक इन्स्पेक्टरचं नाव सुचवायचंच नाही, लायसन्सवाल्यांची यादी द्यायची, असा कायदाच आहे. आपल्याकडं होम इन्स्पेक्टरला सरकारी लायसन्स हा प्रकारच नाही, त्यामुळं नियम आपला आपणच घालून घ्यायचा. आमचा असा की फी घर घेणाऱ्याकडूनच, रिपोर्ट पहिला त्यालाच, एजंटला कमिशन नाही आणि दिवाळीला मिठाईपण नाही. (मिठाईवरून साडूशी वाद झाला, त्याचं म्हणणं एवढं चालतंय की. मी नाही ऐकलं.)

मग कामं आली कुठून? सगळ्यात चांगली आली वकिलांकडून. हे आधी डोक्यातच नव्हतं. जागेचा सर्च काढणारे वकील ईसी (जागेवर बोजा आहे का त्याचा दाखला), खाता (पालिकेतली मालकाची नोंद), उतारा सगळं बघतात, चंदगड नाहीतर कोल्हापूरकडची पार्टी असली तर कन्नड कागद वाचून समजावून देतात, आणि मुख्य म्हणजे व्यवहार झाला काय न् मोडला काय त्यांची फी त्यांना मिळतेच. त्यामुळं कागद बघून झाले की ते स्वतःच म्हणतात, कागद बरोबर आहेत, आता भिंती यांच्याकडून बघून घ्या.

दुसरं, रेरा. २०१६ च्या त्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणं ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत स्ट्रक्चरचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष निघाला तर बिल्डरनं तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा. हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. चार वर्षं होऊन गेलेल्या अपार्टमेंटवाल्यांना आम्ही हे सांगायला लागलो आणि एकेका बिल्डिंगचं अख्खं काम मिळायला लागलं, फोटोसकट यादी करून द्यायची, पुढचं ते बघतात. छोट्या बिल्डिंगचं मात्र बघून बोलावं लागतं, जागा ५०० चौरस मीटरपर्यंत नाहीतर फ्लॅट आठपर्यंतच असले तर प्रोजेक्ट रेराला नोंदवायलाच लागत नाही.

तिसरं म्हणजे पाऊस. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर लोक स्वतःहून विचारायला लागले, बळ्ळारी नाल्याच्या बाजूला घर घेणारा आता पहिलं पाणी कुठवर आलतं ते विचारतो. आणि आमच्या भागाचं एक आहे, दर दहा-वीस किलोमीटरला घराचं दुखणं बदलतंय. जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस एवढा की जांभ्याच्या भिंतीची ओल आणि लाकडाची वाळवी आधी बघायची, निपाणी-चिकोडीकडं काळी माती, उन्हाळ्यात जमीन आकसली की प्लिंथपासून (जोत्यापासून) तिरक्या चिरा. वडगाव-खासबागच्या विणकरांच्या घरात मागाचा हादरा बसून बसून भिंत आणि स्लॅबच्या जोडात फट पडलेली असते, एका घरात तर नव्या टाइल्स ठोकून बघितल्या तर मधोमध पोकळ आवाज, जुन्या खड्डामागाचा खड्डा नुसत्या मातीनं बुजवून वर फरशी मारलेली. असलं काही सापडलं की तो माणूस दहा जणांना सांगतो, त्या जाहिरातीला पैसे लागत नाहीत.

पेपरात पँफ्लेट घातली, गणपती मंडळाला बॅनर दिला, त्यातून फोन बरेच आले पण सगळे "वास्तूपण बघता काय?" विचारणारे. गुगलवरचे रिव्ह्यू मात्र कामाला येतात, विशेषतः पुण्या-बेंगळुरूत नोकरी करणारे आणि मिलिटरीतली माणसं, ज्यांना घर बघायला सारखं येता येत नाही.

एजंट पूर्ण सोडले असं नाही. मोजके आहेत जे बाहेरगावच्या पार्टीचं काम करतात आणि नंतर कटकट नको म्हणून आधीच आम्हाला बोलावतात, त्यांची कामं आम्ही आनंदानं घेतो. फक्त एका एजंटनं फोन बंद केला म्हणून महिन्याचा पगार अडेल एवढं काम कोणा एकाकडून घेत नाही, नवीन धंद्यात पडणाऱ्या पोरांनापण मी हेच सांगतो.

खानापूर आणि चंदगडकडची कामं शनिवार-रविवारी घेतो. मेमध्ये टेरेस तपासून घेणाऱ्यांची गर्दी असते, फोन नाही उचलला तर व्हॉट्सॲपवर पत्ता आणि घराचं वय टाकून ठेवा, साडू रात्री जेवण झालं की सगळे मेसेज बघतो.