बोरन्हाण आलं, काटा काही येईना

शनिवार, २७ डिसेंबर

दिवाळीतल्या आकाशकंदिलानंतर कात्रीला हात लावला नव्हता. आता निमित्त मिळालंय, धाकट्याचं बोरन्हाण. गेल्या संक्रांतीला तो पाच महिन्यांचा होता आणि सर्दीने बेजार, म्हणून राहिलं. आता सोळा महिन्यांचा आहे, म्हणजे एका जागी बसायला अजिबात तयार नाही.

थोरलीच्या वेळी तुळशीबागेतून दागिन्यांचा तयार सेट आणला होता. पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवलेला हलवा. औक्षण होईपर्यंत निम्मा गळून पाटाभोवती पसरला आणि पोरांनी तोही वेचून खाल्ला, डिंकासकट. तेव्हाच ठरवलं होतं की पुढच्या वेळी हलवा घरचा आणि दागिने दोऱ्यात ओवलेले.

तारीख १८ जानेवारी, रविवार. काळं झबलं, हलव्याचे दागिने, भिंतीवर पतंग, दाराला पताका. नवरा म्हणाला, "फुगे नाही का चालणार?" चालतील की. पण फुगवणार कोण, आणि एखादा फुटला की धाकट्याला शांत करणार कोण?

रविवार, २८ डिसेंबर

बोहरी आळीत गर्दीत घुसून पतंगी कागदाचे बारा ताव आणले. चार पांढरे, चार राणी, दोन पिवळे, दोन हिरवे. बांबूच्या कामट्या मिळत होत्या, पण भिंतीवरचा पतंग उडवायचा थोडाच आहे? घरात नारळाचा खराटा आहे, त्याचे हीर काढले.

हिराची एक गंमत लिहून ठेवते. तो बुडाशी जाड आणि शेंड्याशी बारीक असतो, त्यामुळे आख्ख्या हिराची कमान केली की एका बाजूने सरळ राहते आणि दुसऱ्या बाजूने गोल होते. पहिले तीन पतंग असे लकवा मारल्यासारखे झाले. मग दोन्ही टोकं छाटून फक्त मधला भाग घेतला आणि तासभर पाण्यात भिजवून हळूहळू वाकवला. मोडला नाही, कमानही दोन्हीकडे सारखी आली. उभा हीर कोरडाच ठेवायचा, तो ताठ हवा.

चिकटवायला मैद्याची खळ. पूर्वी आमच्याकडे कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद टाकायचे. या घरात बाळ असताना मोरचुदाचं नावही नको. बिनमोरचुदाची खळ फ्रीजमध्ये ठेवली तर तीन-चार दिवस टिकते, नंतर आंबूस वास यायला लागतो. डब्यावर 'खळ' अशी चिठ्ठी लावावी. आमच्याकडे ती रात्री कुणीतरी कढीत ओतता ओतता वाचली.

बुधवार, ३१ डिसेंबर

आज काळजाचा ठोका चुकला. भात लावून बाहेर आले तर धाकटा सोफ्याजवळ उभा आणि तोंडातून राणी रंगाची लाळ गळतेय. रक्त वाटलं. मुठीत पतंगाची शेपटी होती. पतंगी कागदाचा रंग ओला झाला की सुटतो हे मला शाळेपासून माहीत आहे. भिजवून अंड्याच्या टरफलांवर रंग उमटवायचो आम्ही. पण बाळाचं तोंड म्हणजे पाण्याचं भांडंच, हे काही डोक्यात आलं नव्हतं.

तोंड धुतलं. जीभ संध्याकाळपर्यंत गुलाबी होती. मग त्याला भिंतीशी उभा केला, वर बिस्कीट धरलं आणि हात कुठवर पोचतो तिथे पेन्सिलीने खूण केली. तीन फुटांच्या किंचित वर. वर आणखी अर्धा फूट सोडून रेघ मारली. या रेघेखाली कागद लावायचा नाही, टाचणी नाही, टिकली नाही, काही नाही. रेघेखाली फक्त कापड, आणि तेही ओढलं तर सुटून येईल अशा गाठीचं.

रांगत्या-चालत्या मुलांच्या घरी सजावट करणाऱ्यांनी आधी ही रेघ मारावी आणि मगच कागद आणायला जावं. मी उलटं केलं. पताकांसाठी घेतलेला राणी कागद आता सगळा वरच्या पट्ट्यात बसवायला लागणार.

शनिवार, ३ जानेवारी

हलवा, पहिला दिवस. एक वाटी साखर, पाऊण वाटी पाणी, उकळी आल्यावर दोन चमचे दूध घालून वर आलेली मळी काढली. जाड तव्यावर परात, परातीत अर्धी वाटी साबुदाणा, वरून चमचाभर पाक आणि बोटांनी फिरवत राहायचं. दहा मिनिटांत साबुदाण्याचा लाडू झाला. पाक जास्त पडला आणि गॅसही मोठा होता. परात घासायला अर्धा तास गेला.

दुपारी परत बसले. गॅस अगदी बारीक ठेवला, पाक अर्धा अर्धा चमचा. या खेपेला दाणे सुटे राहिले, पांढरे झाले, चांगले टपोरे झाले. पण गुळगुळीत! मोत्यासारखे. काट्याचं नाव नाही. सासूबाई येऊन बघून गेल्या. एक दाणा बोटात धरून म्हणाल्या, "छान आहे गं. होमिओपॅथीच्या डॉक्टरांना दे."

रविवार, ४ जानेवारी

गुळगुळीत तर गुळगुळीत, म्हणून हार करायला घेतला आणि काटा का लागतो ते कळलं. मी समजत होते तो दिसण्यापुरता असतो. हलव्याला भोक पाडता येत नाही, फुटतो. म्हणून दोऱ्याची सरगाठ करून त्यात दाणा धरायचा आणि गाठ आवळायची. दोरा काट्यांमध्ये रुततो आणि दाणा पक्का बसतो. माझ्या दाण्यांवरून दोरा सटकन निसटला. वीस दाणे ओवले, हार उचलला, पंधरा खाली.

दुपारी सासूबाईंनी कालनिर्णय काढलं आणि म्हणाल्या, "अगं, अठराला अमावास्या आहे." मी अशा गोष्टी फार मानत नाही, पण या वेळी इतक्या आनंदाने मानलं की त्यांनाच शंका आली. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत केव्हाही करता येतं. रथसप्तमी २५ तारखेला आणि तीही रविवारी. काट्याला अख्खा आठवडा मिळाला.

शुक्रवार, ९ जानेवारी

काटा आला!

या वेळी सासूबाई शेजारी बसल्या. त्यांनी लहानपणी शेगडीवर हलवा होताना पाहिलाय. त्यांच्या मते माझ्या तीन चुका. पाक घट्ट, हात घाईचा, वेळ दुपारची. आता पहाटे साडेपाचला बसतो. पंखा बंद, खिडकी उघडी, बाहेर चांगली थंडी. पाक पातळ ठेवायचा आणि चमच्याने ओतायचा नाही, चमच्याच्या टोकावरून थेंब थेंब सोडायचा. थेंब पडले की दाणे बोटांच्या पेरांनी सावकाश गोल गोल फिरवायचे. पाक सुकून दाणे पांढरे झाले, खाली कोरडी साखर झडायला लागली की पुढचे थेंब. झडलेली पूड मधूनमधून चाळून काढायची, नाहीतर तीच दाण्यांना चिकटते आणि काटा बुजतो. बोटांना साखरेची पापडी धरते, म्हणून पाण्याची वाटी आणि कोरडं फडकं शेजारी.

रोज तासभर. पहिले दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी दाणा खरबरीत लागला. आज, पाचव्या दिवशी, उजेडात धरला तर चहूबाजूंनी बारीक टोकं. सरगाठ मारून ओढून पाहिली, हलली नाही. थोरलीला शाळेसाठी उठवायच्या आधीच जाऊन दाखवला. तिने डोळे न उघडता तोंड उघडलं.

साबुदाण्यावर सगळ्यात छान आला, तिळावर बरा. लवंगेवर मी नाद सोडला.

रविवार, ११ जानेवारी

भिंतीची रंगीत तालीम. सासूबाईंची जुनी चंद्रकळा पडद्यासारखी टांगली, वर पांढरे पतंग. काळ्यावर पांढरे इतके सुंदर दिसले की मी स्वतःवरच खूश. मग धाकट्याला नवीन झबलं घालून समोर बसवलं आणि फोटो काढला.

फोटोत नुसतं डोकं. झबलंही त्याच चंद्रकळेच्या टोकातून शिवलेलं, काळ्यावर काळं. अंधारातून एक मुंडकं बिस्कीट खातंय. नवरा अजून हसतोय.

चंद्रकळा काढली. पिवळी चादर लावली, पतंग राणी आणि हिरवे वर घेतले, पांढरे दोन्ही कडांना. एक सांगते, फोटोत भिंत येते ती चार-पाच फूटच. सगळी खोली भरायच्या नादाला लागू नये. पाटामागचा तेवढा तुकडा भरगच्च केला की पुरतं.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. गुळपोळ्या. कागदाला हात नाही.

मंगळवार, २० जानेवारी

रोज रात्री दोघं झोपली की गाठी. हार ६४ दाण्यांचा, दोन बाजूबंद, कंबरपट्टा. मुकुटाला पुठ्ठ्याची पट्टी, त्यावर सोनेरी कागद आणि दाणे सुई-दोऱ्याने टाचून घेतले. आतून मऊ सुती पट्टी लावली, कारण पुठ्ठ्याची कड कपाळाला काचते. बासरी म्हणजे कागदाची घट्ट गुंडाळी आणि तिच्यावर हलव्याची माळ वेटोळी.

थोरलीने स्वतः एक पतंग केला. कमान उलटी लावलीय आणि शेपटीला शाळेच्या वहीचं पान, त्यावर अर्धवट सातचा पाढा. तो मधोमध लागणार असं तिने जाहीर केलंय.

सगळे दागिने डब्यात, डबा परातीत, परातीत पाणी. मुंग्या पहिल्याच रात्री आल्या होत्या.

सोमवार, २६ जानेवारी

झालं काल. बिल्डिंगमधली चौदा मुलं. पाटाभोवती रांगोळी, धाकटा आजीच्या मांडीवर. मुकुट त्याने किती वेळ ठेवला ते मोबाइलवर बघितलं, ४० सेकंद. त्यात नऊ फोटो निघाले. हार मात्र शेवटपर्यंत राहिला कारण तो चोखण्यात रमला होता. दाणे सुटतील म्हणून मी समोरून हलले नाही. एकही सुटला नाही.

त्याच्या डोक्यावर फक्त कुरमुरे आणि चिमूटभर हलवा टाकला. बोरं, उसाचे करवे, शेंगा, रेवड्या, हरभऱ्याचे घाटे मोठ्या मुलांसाठी सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला उधळले. या वयात शेंगदाणा किंवा बोराची बी घशात अडकायला वेळ लागत नाही. शेजारच्या काकूंना ते पटलं नाही, "आमच्या वेळी सगळं टाकायचे." टाकत असतील.

एक फजिती. मुलं आल्यावर उकडायला लागलं आणि कुणीतरी पंखा पाचवर केला. बारा पतंगांपैकी चार फाटले, एक पंख्यात गेला. टांगताना पंखा लावून बघायचं मला सुचलंच नव्हतं. थोरलीचा पतंग टिकला, त्याला तिने जवळजवळ वाटीभर खळ लावली होती.

कापडी पताका धुऊन ठेवल्या, हळदीकुंकवाला गेल्या त्या काकूंकडेच. पेन्सिलीची रेघ भिंतीवर तशीच आहे, धाकटा रोज तिथे जाऊन हात वर करतो आणि बिस्कीट मागतो. सव्वा वाटी हलवा शिल्लक आहे. डबा मी कपाटात वरच्या फळीवर ठेवलाय, मुंग्यांना आणि नवऱ्याला अजून पत्ता लागलेला नाही.