केळीची खोली नक्की कशासाठी?

रावेर तालुक्यातल्या त्या मळ्यावर पोचलो, तर पायाचे खड्डे खणून तयार. मे महिना, अकरालाच झळा लागत होत्या. थोरल्या भावांनी (त्यांना सगळे अण्णा म्हणतात) मला गाडीतून उतरवून थेट खड्ड्यांपाशी नेलं. "साहेब, या मापाची खोली. दहा टन केळी मावली पाहिजे. आकडा सांगा, बयाणा आजच घेऊन जा."

माझं काम रेफ्रिजरेशनचं, म्हणजे अशा थंड खोल्यांच्या मशीनचं. बयाणा कोणाला नको असतो? पण खोलीच्या मापावरून मशीन ठरत नाही. मी विचारलं, "इथे केळी आणून करायचं काय?"

"पिकवायची. भुसावळ-जळगावच्या बाजारात तयार माल द्यायचा."

धाकटा भाऊ तिथेच उभा होता. "पिकवायची कुठे? आपण कंटेनर भरणार ना गल्फला?" तेवढ्यात बाजेवरून आबा बोलले, "मी तर समजलो, भाव पडला की महिना-दीड महिना ठेवायची."

एकाच घरात राहणारी ही तीन माणसं. खड्डे खणायला तिघांनीही होकार दिला होता.

पिकवायची खोली 16 ते 18 अंशांवर चालते. तिच्यात सुरुवातीला साधारण दिवसभर इथिलीन (फळ पिकवणारा वायू) सोडतात, शंभर पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास, आणि नंतर ताजी हवा खेळवावी लागते, कारण कार्बन डायऑक्साइड साचला की पिकणं रेंगाळतं. निर्यातीचा माल 13-14 अंशांवर हिरवागार राहायला हवा आणि त्याला इथिलीनचा वाराही लागता कामा नये. म्हणजे एका खोलीत दोन्ही कामं करायची म्हटली, तर गल्फचा माल रावेरातच पिवळा होणार. आबांचं गणितही बसेना. बरोबर वेळी कापलेलं हिरवं केळं चांगल्या थंडाव्यात तीन-चार आठवडे निघतं. त्याहून जास्त टिकवायला म्हणून तापमान 13 च्या खाली नेलं, तर साल काळपट पडते आणि फळ धड पिकतही नाही. आबांना हे पटलं नाही. "बटाटा राहतो की सहा महिने," म्हणाले.

मी कोटेशनचा कागद बॅगेत ठेवला आणि म्हटलं, आज कापणी चालू आहे ना, ती बघू या.

दिवसाचं खरं काम बागेत झालं. तिथला मुकादम बोलका होता. त्याची टोळी सकाळी दुसऱ्याच्या बागेत असते, इथे दुपारी येते. माल शेडवर येतो तो संध्याकाळी, सगळा एकदम. मी टोचणीचा थर्मामीटर घडातल्या एका केळ्यात खुपसला. गर 35 च्या वर. हे माझ्या दृष्टीने खोलीच्या लांबी-रुंदीपेक्षा कितीतरी मोठं होतं. दहा टन केळी 35 वरून साडेतेरावर आणायची, तर साधारण 200 युनिट (म्हणजे किलोवॉट-तास) उष्णता बाहेर काढावी लागते. चोवीस तासांत काढायची असेल तर अडीच टनांच्या आतलं मशीन पुरतं (हा टन मशीनच्या क्षमतेचा, केळीच्या वजनाचा नव्हे). रात्रीतून, आठ तासांत काढायची तर सात टन लागतात. आणि यात भिंतींतून, दारातून येणारी उष्णता धरलेलीच नाही. त्यांच्याकडे आधीच आलेल्या एका कोटेशनमध्ये किती तासांत थंड करायचं याचा उल्लेखच नव्हता. मशीनची क्षमता बाहेर 35 अंश धरून लिहिलेली! जळगाव जिल्ह्यात, जिथे मे महिन्यात पारा 45 ला जातो, तिथे तेच मशीन कमी थंडावा देणार आणि वीज जास्त खाणार.

जेवताना शेवभाजीच्या तर्रीने आधीच घाम फुटला होता, त्यात विजेचा विषय निघाला. अण्णांच्या मनात विहिरीच्या पंपाच्याच कनेक्शनवर खोली चालवायची होती. शेतीच्या फीडरवर थ्री फेज दिवसातून ठरावीक तासच असते. उरलेल्या वेळी केळीने काय करायचं, हे कोणी विचारलं नव्हतं. शिवाय खड्डे होते त्या बाजूला ट्रक मागे घ्यायला जागा नाही, हे मुकादमानेच सांगितलं. "क्रेट काय डोक्यावर आणायचे का, भो?"

मग तिघांना समोरासमोर बसवलं आणि वहीच्या पानावर लिहायला घेतलं. खोली निर्यातीसाठी. दहा टन माल, रोज संध्याकाळी एकदम, सकाळी कंटेनरमध्ये. तापमान साडेतेरा. दार ट्रॉली जाईल एवढं रुंद, ट्रकच्या बाजूला. वीज स्वतंत्र कनेक्शनची, जोडीला जनरेटर. पिकवायची खोली पुढे-मागे वेगळी, शेडच्या दुसऱ्या टोकाला. अण्णांना हे शेवटचं लागलं, ते बराच वेळ गप्प होते. पण सही त्यांनीच पहिली केली.

धाकट्याने जनरेटरची किंमत ऐकून तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, एक स्वस्त उपाय आहे. पहाटे कापा. गर 28 च्या आसपास मिळाला, तर सातऐवजी पाच टनांत भागतं, जनरेटरही लहान लागतो.

सगळ्यांनी मुकादमाकडे पाहिलं. त्याने कान खाजवला. "पहाटे येतील पोरं. पण मग सकाळची दुसरी बाग सुटते. तिची मजुरी कोण देणार, तेही त्याच पानावर लिहा."

धाकट्याने वही ओढली आणि दोघांची घासाघीस सुरू झाली.