तुरीच्या शेतातल्या बाया आणि जॉयस बांदा

आफ्रिकेतल्या मलावी देशात राहायला येताना आमटी-वरणाचं कसं होणार ही धास्ती होती. ब्लांटायर शहराजवळच्या लिंबेच्या बाजारात ती मिटली. दक्षिण मलावीभर मक्याच्या ओळींत तुरीचं आंतरपीक असतं. इथे तिला नांदोलो म्हणतात. भारतीय वंशाच्या व्यापाऱ्यांच्या गिरण्यांत तिची डाळ होते, आणि बरीच तूर थेट भारतात जाते. 2021 साली भारताने मलावीकडून वर्षाला 50 हजार टन तूर घ्यायचा करार केला. तुमच्या डब्यातली डाळ इथल्या एखाद्या बाईने पेरलेली असू शकते. हो, बाईनेच, कारण पेरणीपासून झोडपणीपर्यंत शेतात मला बायाच जास्त दिसतात.

झोंबा भागातल्या याओ आणि लोम्वे लोकांत जमीन आईकडून लेकीकडे जाते आणि लग्नानंतर नवरा बायकोच्या गावी नांदायला येतो. सातबाऱ्यावर नाव लावण्यासाठी वर्षानुवर्षं झगडणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना हे स्वप्नच वाटेल. पण जमीन तिची असली तरी पिकाचा पैसा बऱ्याच घरांत नवऱ्याच्या हातात पडतो. खताच्या पोत्याला भांडवल लागतं, बँक तारण मागते आणि गावाच्या वहिवाटीची जमीन सहसा तारण म्हणून चालत नाही.

या अडचणीला पुढे मलावीच्या राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉयस बांदांनी हात घातला, आणि तोही राजकारणात यायच्या आधी. 1950 साली झोंबाजवळच्या मालेमिया गावात त्यांचा जन्म झाला. वडील पोलीस बँडमध्ये वादक. लग्नानंतर नैरोबीत राहताना त्यांनी नवऱ्याचा जाच सोसला आणि 1981 साली तीन मुलांना घेऊन त्या बाहेर पडल्या. मलावीत परतून कपडे शिवायचा कारखाना काढला, पुढे बेकरी. धंद्यात जम बसल्यावर 1990 मध्ये त्यांनी व्यावसायिक महिलांची राष्ट्रीय संघटना उभी केली. छोटी कर्जं, हिशेब ठेवण्याचं आणि धंद्याचं शिक्षण, हे तिचं काम. तेव्हा देशात कामुझू बांदांची एकपक्षीय हुकूमशाही होती (आडनाव तेच, नातं नाही). अशा काळात बायकांना त्यांच्या नावावर पैसा मिळवून देणं किती धाडसाचं होतं, हे विसरून चालणार नाही. 1997 साली भूक हटवण्याच्या कामासाठी दिला जाणारा आफ्रिका पुरस्कार त्यांना मोझांबिकचे राष्ट्राध्यक्ष जोआकिम चिसानो यांच्याबरोबर मिळाला.

मग 1999 मध्ये खासदारकी, 2004 मध्ये मंत्रिपद. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा 2006 चा कायदा होण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. एप्रिल 2012 मध्ये राष्ट्राध्यक्ष बिंगू वा मुथारिका पदावर असताना वारले आणि उपराष्ट्राध्यक्ष असलेल्या जॉयस बांदा मलावीच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. लोक त्यांना ‘अमायी’, म्हणजे आई, म्हणत.

सत्तेतला काळ मात्र कठीण गेला. आल्या आल्या चलनाचं सुमारे एक तृतीयांश अवमूल्यन करावं लागलं. परदेशी मदत पुन्हा सुरू झाली, पण खत आणि वाहतूक महागली, आणि ज्या बायांसाठी त्यांनी आयुष्य वेचलं त्यांनाच त्याची झळ बसली. 2013 साली सरकारी तिजोरीतल्या लुटीचं ‘कॅशगेट’ प्रकरण उघड झालं आणि 2014 ची निवडणूक त्या हरल्या. माझ्या मते त्यांचं खरं मोठं काम राष्ट्राध्यक्षपदाच्या आधीचं. तिजोरीची किल्ली हातात नसताना त्यांनी गावातल्या बाईला कर्ज देण्याजोगी मानलं.

आज गावोगावी ‘बँकी म्खोंडे’ दिसतात, म्हणजे ओसरीवरची बँक. आपल्या बचत गटांसारखंच: दर आठवड्याला पैसे जमवायचे, त्यातून कर्ज घ्यायचं, वर्षाअखेरीस वाटप. खताचं पोतं यातून येतं. तुरीचा दर मात्र अजून इथल्या कुणाच्या हातात नाही. 2017 मध्ये भारतात तूर उदंड झाली, सरकारने आयातीवर मर्यादा घातली आणि इथले भाव कोसळले. त्याच वर्षी महाराष्ट्रातले शेतकरी खरेदी केंद्रांवर तुरीच्या पोत्यांजवळ दिवसेंदिवस ताटकळत होते. आता ओळखीच्या झालेल्या बाया मला पेरणीआधी विचारतात, यंदा भारतात पाऊस कसा आहे, तूर किती लावलीय. मी गावी भावाला फोन लावते आणि तो सांगेल ते त्यांना सांगते.