नॅचेझ ट्रेस : घाई नसलेल्यांचा रस्ता

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील नॅचेझपासून अलाबामाचा कोपरा ओलांडून टेनेसीतील नॅशव्हिलजवळ संपणारा ४४४ मैलांचा नॅचेझ ट्रेस पार्कवे आम्ही दक्षिणेकडून उत्तरेकडे पार केला. येथे मालवाहू वाहनांना बंदी आहे आणि बहुतांश ठिकाणी वेगमर्यादा ताशी ५० मैल आहे. ज्याला लवकर पोहोचायचे आहे, त्याने या वाटेला जाऊच नये.

हा रस्ता चोक्टॉ आणि चिकसॉ या मूळ अमेरिकन जमातींच्या जुन्या पायवाटेच्या मार्गाने जातो. याच पायवाटेने, मिसिसिपी नदीतून माल घेऊन आलेले नावाडी आपल्या नावा लाकडाच्या भावाने विकून पायी घरी परतत असत. ४१.५ मैलांच्या खुणेजवळ ती मूळ वाट अजूनही दिसते. पावलांनी आणि खुरांनी भुसभुशीत माती इतकी झिजली आहे की, दोन्ही बाजूंचे काठ डोक्याच्या वर गेले आहेत आणि झाडांची उघडी पडलेली मुळे त्यांवरून खाली लोंबत आहेत. माझ्या मते संपूर्ण प्रवासात याहून बोलके स्थळ नाही.

१२२ मैलांजवळील सायप्रस वृक्षांच्या दलदलीत लाकडी पुलावरून फिरता येते. बुंध्याशी फुगलेली झाडे थेट पाण्यातूनच उभी राहिलेली दिसतात. पार्कवेवर पेट्रोल पंप नाहीत, त्यामुळे इंधनासाठी लगतच्या गावांत उतरावे लागते.