बल्बवाली मिसमेजियस आणि माझी मॉवाइल

आज रात्री एक मॅच हरले आणि तेव्हापासून झोप येत नाहीये. हरल्याचं एवढं काही नाही पण डोक्यात जे सुरू झालंय ते थांबेना. पोकेमॉन स्कार्लेट या व्हिडिओ गेममधली रँक्ड मॅच, समोर मिसमेजियस नावाची पोकेमॉन, घोस्ट टाइप, माझा पोकेमॉन किंगँबिट तयारच होता, घोस्टला दुप्पट लागणारी डार्क मूव्ह दाबली, म्हटलं एका फटक्यात खल्लास. तर तिने त्याच टर्नला टेरा केलं, म्हणजे लढाईत आपला टाइपच बदलला, इलेक्ट्रिक! डोक्यावर तो भलामोठा चकाकणारा बल्ब आला, स्वतःचा स्पेशल अटॅक वाढवणारा नॅस्टी प्लॉट मारून झाला, आणि माझा फटका अगदी साधा लागला, जेमतेम का होईना ती वाचली. आता इलेक्ट्रिकला धोका फक्त ग्राउंडचा आणि हिची अॅबिलिटी (अंगभूत गुण) लेव्हिटेट, हवेत तरंगते, म्हणजे ग्राउंड लागतच नाही. एकही वीकनेस नाही! पुढच्या चार टर्नमध्ये माझी टीम साफ.

काय सुंदर डोकं लावलंय हे. टेरा २०२२ मध्ये आलं तेव्हा मला अजिबात आवडलं नव्हतं, पण लढाईचं गिमिक म्हणून याच्याइतकं चांगलं दुसरं नाही असं आता मनापासून वाटतं. कुठल्याही पोकेमॉनला मिळतं, आयटमची जागा अडत नाही, आणि समोरच्याच्या पोटात काय आहे ते शेवटपर्यंत कळत नाही.

पण तो बल्ब! इलेक्ट्रिक टेरा कोणीही करो, डोक्यावर तोच बल्ब. फ्लाइंग केलं की तेच फुगे. त्या प्राण्याचा त्याच्याशी संबंध काय?

मेगा इव्होल्यूशनचं, म्हणजे लढाईपुरतं रूप बदलून ताकदवान होण्याचं, तसं नव्हतं ना. २०१३ च्या एक्स आणि वाय गेम्समध्ये आलेलं. कांगस्खान आठवते? इतकी वर्षं आईच्या पोटातल्या पिशवीत बसलेलं पिल्लू मेगा झाल्यावर बाहेर येतं आणि आईच्या बाजूला उभं राहून लढतं, आईने एक ठोसा मारला की पिल्लूही मारतं. अॅबिलिटीचं नावच पॅरेंटल बाँड. पिल्लाचा फटका आईच्या निम्मा, आणि पॉवर-अप पंच असेल तर एका टर्नमध्ये अटॅक दोनदा वाढायचा, त्यामुळे ती भयंकर डोईजड झाली होती, २०१६ च्या गेम्समध्ये पिल्लाचा फटका पाव करावा लागला. बॅलन्स बिघडला हे खरंच, पण चित्र बघितल्याबरोबर कळायचं की हिची ताकद कशात आहे, कोणी समजावून सांगायची गरज नाही.

आणि माझी मॉवाइल. एवढीशी, डोक्यामागे शिंगांचा झालेला मोठा जबडा, अटॅक फक्त ८५. मेगा झाली की दुसरा जबडा फुटतो, अटॅक १०५ होतो आणि वर ह्यूज पॉवर या अॅबिलिटीमुळे दुप्पट. दोन जबडे, दुप्पट चावा! नंतरच्या स्वॉर्ड गेममध्ये पकडली तेव्हा परत तीच ८५ वाली, मेगा काढूनच टाकलं होतं, त्याच्या जागी डायनामॅक्स, तीन टर्न सगळेच मोठे. नुसतं मोठं करणं म्हणजे डिझाइन नाही असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. त्यातही जायगँटामॅक्स (मोठं होताना रूपही बदलणारा) स्नोरलॅक्स मात्र मनापासून आवडला, पोटावर झाड उगवलेलं आणि त्याच्या मूव्हने खाल्लेल्या बेरी परत येऊ शकतात, तिथे कोणीतरी प्राण्याकडे नीट बघितलं होतं. झेड-मूव्हज, म्हणजे लढाईत एकदाच मारता येणारे जोरदार फटके, तर मला अॅनिमेशनपलीकडे आठवतही नाहीत.

म्हणजे मला हवंय ते दोन्ही एकत्र, टेराचा डाव आणि मेगाचं शरीर. मगाशी वही घेऊन मिसमेजियस काढून बघितली. तिच्या छातीवर तीन लाल मणी आहेतच की आधीपासून! बल्ब खोडला, ते तीन मणी पिवळे पेटवले आणि झग्याच्या टोकांपर्यंत वीज उतरवली. दीड वाजलाय, हात अजून बरोबर आला नाहीये, उद्या परत काढणार.