आर-4 आणि आर-6

आमच्या ड्रॉइंग ऑफिसची सुरुवात पुण्यात, अमोनिया प्रिंटच्या, म्हणजे ड्रॉइंगच्या कॉप्या काढायच्या खोलीत. तो वास अजून नाकातून गेलेला नाही. दोघे भागीदार, रॉटरिंगची ड्रॉइंगची पेनं, ब्लेडने खरवडलेला ट्रेसिंग. मग कॉम्प्युटरवर ऑटोकॅड आणि मोठ्या शीट छापणारा एक सेकंडहँड प्लॉटर. मधली वर्षं बरी गेली.

2018 साली एका हॉस्पिटलचं कोऑर्डिनेशन मिळालं. स्ट्रक्चर, प्लंबिंग अशी सगळ्यांची थ्रीडी मॉडेलं नेव्हिसवर्क्स या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करायची, लाल दिसणारा प्रत्येक क्लॅश (दोन गोष्टी एकाच जागी येणं) ज्याचा त्याच्या गळ्यात घालायचा आणि मंजूर ड्रॉइंग सर्व्हरवर चढवायचं. बेसमेंटच्या एका बीममध्ये आग विझवायच्या स्प्रिंकलरच्या 150 मिमी पाइपची स्लीव्ह, म्हणजे पाइप जायला ठेवलेलं भोक, कॉलमला फार खेटून होती. स्ट्रक्चरलवाल्यांनी हरकत घेतली, आर-6 या सुधारित ड्रॉइंगमध्ये आम्ही ती कॉलमपासून आत सरकवली. ठेकेदाराच्या माणसाने सेंटरिंगवाल्याला (काँक्रीटचा साचा बांधणाऱ्याला) व्हॉट्सअ‍ॅपवर जुनं आर-4 पाठवलं. का, तर साइटवर सर्व्हरच्या अ‍ॅपला रेंज नाही! स्लॅब भरला गेला. आता कोअर कटिंग करायचं, म्हणजे मशीनने भोक पाडायचं, तर सळया तुटणार. शेवटी पाइप बीमखालून गेला, पार्किंगची उंची गेली आणि खापर आमच्यावर.

ठेकेदाराच्याच लॉगिनवरून आर-6 मंगळवारी 11:42 ला उघडलं होतं. सर्व्हरवरची ती हिस्टरी छापून मीटिंगला नेली. चहा गार होईपर्यंत कोणी कागदाला हात लावला नाही. बिल अकरा महिने अडकलं. त्याच काळात भागीदार दोन पोरं घेऊन बाहेर पडला, पलीकडच्या गल्लीत बसला आणि दहा टक्के कमी दराने त्याच बिल्डरचा दुसरा टप्पा घेतला. असो. असो म्हणतोय, पण विसरलेलो नाही.

तो कागद वाचला फक्त प्लंबिंगच्या काकांनी, चष्मा कपाळावरून खाली ओढून. पुढची तीन कामं त्यांच्या शब्दावर मिळाली. त्यांच्या खिशात आजही ओळंबा असतो.

नवीन पोरांना सांगतो, आयएसओ 19650 चं, म्हणजे बांधकामाची डिजिटल माहिती सांभाळायच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं नाव घेऊन घाबरवणारे भेटतील. मुळात कप्पे चारच: चालू काम, इतरांना दाखवलेलं, मंजूर, जुनं. एस-2 शिक्क्याच्या शीटवर स्लॅब भरू नका, ती फक्त माहितीसाठी असते. आणि बेसमेंटच्या रेंजचा खर्च कोटेशनमध्येच लावा.

आता प्रत्येक शीटवर क्यूआर छापतो. शीट जुनी असेल तर स्कॅन केल्यावर लाल पट्टी येते. परवा काकांचा फोन आला, "अरे, हे लाल दाखवतंय. गडी बसवून ठेवलेत. नवीन टाक लवकर."