दोन शेपटांचा सिंह: कुत्ना होराच्या टांकसाळीत

प्रागहून चेक देशातल्या कुत्ना होरा या गावी येणारे बरेच जण गावाच्या कडेच्या सेडलेत्स भागातलं, माणसांच्या हाडांनी सजवलेलं चर्च बघून परत फिरतात. गाव तसंच राहून जातं, याची मला खरंच हळहळ वाटते. मी आलो होतो तो इथल्या टांकसाळीसाठी.

१३०० साली बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेक देशाच्या पश्चिमेकडच्या जुन्या राज्याचा, राजा वेन्सेस्लास दुसरा याने इथे प्राग ग्रोश हे चांदीचं नाणं पाडायला सुरुवात केली. गावाखालीच चांदीच्या खाणी होत्या आणि नाण्यांच्या कामातले जाणकार इटलीहून आणले होते. म्हणून त्या वास्तूला आजही 'इटालियन वाडा' म्हणतात. अंगणात उभं राहिलं की भिंतींत बुजवलेली जुनी दारं दिसतात. एकेका दारामागे एकेक कारखाना होता. खालचा ठसा पक्का रोवलेला, त्यावर चांदीची चकती, वरचा ठसा हातात धरायचा आणि घाव घालायचा. प्रत्येक नाणं असं हातानं घडलेलं.

काचेआडच्या ग्रोशापाशी मी बराच वेळ रेंगाळलो. वजन जेमतेम पावणेचार ग्रॅम, पण केवढा तोरा! एका बाजूला मुकुट आणि त्याभोवती दोन गोल ओळींत राजाचं नाव व पदवी. दुसऱ्या बाजूला बोहेमियाचा राजचिन्हातला सिंह: मागच्या पायांवर उभा, डोक्यावर मुकुट, पंजे उगारलेले, शेपूट दुभंगलेलं. आयाळीचे केस बारीक रेघांनी कोरलेत. चकती पातळ असल्यामुळे काही नाण्यांवर सिंहाचं अंग नीट उठलेलं नाही. मला तीच जास्त आवडली, कारण घाव कुठे कमी पडला ते त्यांत दिसतं.

पुढच्या राजांनी चांदी कमी करत नेली. सिंह तोच, मुकुट तोच, पण आतला धातू हलका. व्यापारी काही दूधखुळे नव्हते. पंधराव्या शतकात उल्म, आउग्सबुर्गसारख्या जर्मन शहरांनी पारखून घेतलेल्या ग्रोशांवर आपापली छोटी चिन्हं ठोकली. राजाच्या सिंहाला शहराची हमी लागावी, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. राजचिन्हाचा दरारा कितीही असो, बाजार चांदीच बघायचा. १५४७ मध्ये ग्रोश पाडणं थांबलं. सिंह मात्र आजच्या चेक चलनाच्या, कोरुनाच्या, नाण्यांवरही आहे.

इथे याल तर आधी ह्राडेक या जुन्या गढीतल्या संग्रहालयातून खाणीत उतरा. पांढरा डगला, हातात दिवा, आणि अंग चोरून जावं लागेल इतकी अरुंद वाट. टांकसाळ त्यानंतर बघा.